दिसलं काय, ते आधी सांगा

शुक्रवारी सिनेमा लागतो आणि रविवारपर्यंत त्याची मराठी परीक्षणं ढिगाने वाचायला मिळतात. बहुतेकांचा साचा एकच. सुरुवातीला विषयाचं महत्त्व, मग चार परिच्छेद कथा, मध्यंतराशी थांबून ‘पुढचं पडद्यावरच पाहा’, नंतर कलाकारांची हजेरी आणि शेवटच्या दोन ओळींत छायालेखन नयनरम्य, संकलन आटोपशीर, पार्श्वसंगीत पूरक. खाली साडेतीन स्टार. यातलं जवळपास सगळं नुसती पटकथा वाचूनही लिहिता आलं असतं, ही माझी मुख्य तक्रार आहे. लिहिणारा दोन तास अंधारात बसून काहीतरी पाहत होता, ऐकत होता, याची खूण त्या मजकुरात सापडत नाही.

हे आळसामुळे होतं असं मला वाटत नाही. मराठी परीक्षणाचं वळण रंगभूमीने घडवलेलं आहे. माधव मनोहर, कमलाकर नाडकर्णी अशा समीक्षकांनी नाट्यपरीक्षणाला धाक आणि प्रतिष्ठा मिळवून दिली. माधव मनोहर तर नाटकाचं मूळ कुठल्या परदेशी कलाकृतीत आहे तेही शोधून दाखवायचे. त्या परंपरेने आपल्याला संहिता, संवाद आणि अभिनय यांबद्दल बोलायला शिकवलं, आणि ते शिक्षण मोलाचं होतं. पण सिनेमाला ते पुरत नाही. नाटकात प्रेक्षक आपल्या खुर्चीवरून रंगमंचावर हवं तिथे पाहू शकतो. सिनेमात काय पाहायचं, किती अंतरावरून आणि किती वेळ, हे दिग्दर्शकाने आधीच ठरवलेलं असतं. ते ठरवणं हीच त्याची कला. परीक्षणात नेमकी तीच गळते.

‘कोर्ट’चं उदाहरण घेऊ. चैतन्य ताम्हाणेंचा हा सिनेमा २०१५ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा न्यायव्यवस्थेवरचा सिनेमा म्हणून त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. ते खरंच आहे. पण हा सिनेमा अंगावर येतो तो कशामुळे? कॅमेरा लांब उभा राहतो आणि हलत नाही. ज्याच्याविषयी खटला चाललाय तो शाहीर आणि पुढच्या तारखेची वाट पाहणारी बाकीची माणसं एकाच चौकटीत, एकाच मापाची दिसतात. एखाद्या दृश्यातलं कामाचं बोलणं संपलं तरी दृश्य तुटत नाही. सरकारी वकीलबाई कोर्टातून निघतात, लोकलमध्ये साडीबद्दल बोलतात, घरी स्वयंपाक करतात. आपण त्यांना खलनायिका ठरवायच्या बेतात असतो आणि सिनेमा आपल्याला त्यांच्या घरी नेऊन बसवतो. शेवटाकडे सुट्टी लागते, कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो. तो इतका वेळ काळा राहतो की सिनेमा संपला असं वाटून उठावंसं वाटतं. आणि मग न्यायाधीश सहलीला निघालेले दिसतात. त्या काळोखानंतर हा भाग आला नसता तर ‘कोर्ट’ एका खटल्याची गोष्ट राहिला असता. तो आल्यामुळे जामिनाची वाट पाहणाऱ्या माणसाचा आणि सुट्टीत डुलकी घेणाऱ्या माणसाचा वेळ शेजारी-शेजारी येतो. परीक्षकाने एवढं नीट टिपलं, तर न्यायव्यवस्थेबद्दल वेगळा परिच्छेद लिहायची गरजच उरत नाही.

‘फँड्री’त डुक्कर पकडायला धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभं राहतं. डुक्कर निसटतं. राष्ट्रगीत म्हणणारी शाळा त्या चौकटीबाहेर आहे. ज्या शाळेत त्या कुटुंबातल्या जब्याला बसायचंय ती त्याच्यापर्यंत फक्त आवाजाच्या रूपाने पोहोचते आणि त्याला थांबवते. पुढे पकडलेलं डुक्कर बांबूला टांगून नेलं जातं तेव्हा मागच्या भिंतीवर आंबेडकर आणि सावित्रीबाईंची चित्रं आहेत. नागराज मंजुळे त्यावर कुणाच्या तोंडी एकही वाक्य घालत नाहीत. ‘जातवास्तवाचं भेदक चित्रण’ हे शब्द या दोन्ही दृश्यांबद्दल काहीच सांगत नाहीत, कारण ते शब्द इतर वीस सिनेमांनाही जसेच्या तसे लावता येतात. ‘सैराट’बद्दलही कमाईचे आकडे आणि वाद भरपूर छापून आले. पूर्वार्धात अजय-अतुल यांचा भरगच्च वाद्यवृंद आपले कान भरून टाकतो आणि अखेरीस आवाज पूर्णपणे काढून घेतला जातो, या दोन टोकांचं नातं मात्र फारच थोड्या जणांनी तपासलं.

असं पाहायला शिकवणारी माणसं आणि जागा महाराष्ट्रात नव्हत्या असं नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर ‘पथेर पांचाली’ची दृश्यं उलगडून दाखवत चित्रपट-रसास्वाद शिकवायचे. १९६४ मध्ये तिथेच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी जगभरातल्या सिनेमांची रिळं जमवली. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ आहे; त्यांच्या ‘रूपवाणी’ या नियतकालिकाने सिनेमावर गंभीरपणे लिहिणाऱ्यांना जागा दिली. आणि अरुण खोपकरांचं ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ तर मराठीतच लिहिलं गेलं. ‘प्यासा’, ‘कागज के फूल’ आणि ‘साहिब बीबी और गुलाम’ या तीन सिनेमांवर उभं असलेलं हे पुस्तक प्रकाशझोत, चेहरा, कॅमेऱ्याची हालचाल यांच्यातून अर्थ कसा तयार होतो ते दाखवतं. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे सिनेमा पाहून लिहिण्याची भाषा आपल्याकडे आहे. ती शिबिरांत आणि पुस्तकांत राहिली. वर्तमानपत्राच्या तीनशे शब्दांत तिला कुणी आणलं नाही, गणेश मतकरींसारखे मोजके अपवाद सोडले तर.

दुसरी अडचण जिव्हाळ्याची आहे आणि म्हणून अवघड आहे. मराठी सिनेमाला शो मिळत नाहीत, मिळाले तर अडनिड्या वेळी मिळतात, हिंदीचा मोठा सिनेमा आला की आठवड्यात गाशा गुंडाळावा लागतो. अशा वेळी परीक्षकाचा हात आखडतो. निर्मात्याने घर गहाण ठेवलंय असं कानावर आलेलं असतं, प्रीमियरला दिग्दर्शक दारात उभा राहून हात जोडत असतो. मग ‘प्रयत्न स्तुत्य’ लिहिलं जातं. या माणुसकीबद्दल मला आदर आहे, तरी तिचा परिणाम वाईट होतो असंच मला वाटतं. प्रत्येक सिनेमा ‘सहकुटुंब पाहावा असा’ ठरला की वाचक कशावरच विश्वास ठेवत नाही, आणि खरोखर चांगला सिनेमा येतो तेव्हा त्याच्यासाठी वेगळे शब्द शिल्लक नसतात. वाईट सिनेमाची टिंगल करून टाळ्या मिळवणं हेही तितकंच सोपं. रील्सवर हल्ली तेच जास्त चालतं. फसलेल्या सिनेमात नेमकं कुठल्या दृश्यापासून बिनसलं हे दाखवणं कष्टाचं आहे, आणि त्या दिग्दर्शकाच्या पुढच्या कामाला उपयोग झालाच तर त्याचाच होईल.

कथा किती सांगावी, यावर फार खल होतो. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. एक दृश्य निवडावं, ते डोळ्यांसमोर उभं राहील इतकं नेमकं लिहावं आणि आपलं मत त्या दृश्याच्या आधाराने मांडावं. मग वाचक मताशी असहमत झाला तरी त्याच्या हाती काहीतरी येतं. स्टार द्यायचेच असतील तर द्यावेत, जाहिरातीवाल्यांना ते लागतात.

वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. गुरुवारी रात्री पाहून शुक्रवारी लिहायचं, त्यात विचार किती मुरणार? पण पूर्वी आठवड्यात थिएटरमधून गेलेला सिनेमा पुन्हा पाहणं जवळपास अशक्य होतं. आज कितीतरी सिनेमे घरबसल्या मिळतात, थांबवून, मागे नेऊन पाहता येतात. तरीही पहिल्या आठवड्यानंतर त्यांच्याकडे कुणी वळत नाही. खोपकरांचं पुस्तक गुरुदत्त गेल्यानंतर वीस वर्षांनी आलं. उमेश कुलकर्णींच्या ‘विहीर’ला आता पंधरा वर्षं उलटली आहेत. समीर आणि नचिकेत या भावंडांमधलं ते अंतर, ते पाणी, नचिकेत गेल्यानंतर समीरभोवती पसरलेला तो मोकळा माळ यांच्यावर कुणीतरी सलग पंधरा-वीस पानं लिहायला हवीत. दरवर्षी शंभर कथा-कविता छापणाऱ्या दिवाळी अंकांनी अशा एका लेखासाठी जागा काढावी, आणि तो लिहिणाऱ्याला सहा महिने आधी सांगावं.