चेहरा जुळला, नजर नाही

आपल्या साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातला भोवाडा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. लाकडी मुखवट्याचे डोळे हलत नाहीत, तरी आपण हात जोडतो. कारण मुखवटा ‘मी माणूस आहे’ असं म्हणतच नाही.

२०१४ चा सौंदर्या रजनीकांत यांचा ‘कोचडैयान’ मात्र तसं म्हणतो. रजनीकांतच्या हालचाली मोशन कॅप्चरनं टिपल्या आणि संगणकानं त्यांवर चेहरा चढवला. चाल रजनीची वाटते, डोळे काचेचे. बघा, आपण बोलतो त्याआधी नजर सरकते, पापणी किंचित हलते. तेवढं राहिलं की चेहरा निर्जीव होतो. जपानचे रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच सांगितलं होतं: साम्य वाढतं तशी आपुलकी वाढते, पण अगदी जवळ आल्यावर एकदम कोसळते.

याच सिनेमात २००९ मध्ये वारलेले नागेश पुन्हा उभे केलेत. माझा खरा आक्षेप इथे आहे. विनोदी नट कुठे थांबायचं हे त्या क्षणी ठरवतो. चेहऱ्याचं माप घेता येतं, त्या ठरवण्याचं नाही. जिवंत रजनीकांत हाताशी असताना जे निसटलं, ते गेलेल्या नटाकडून कसं मिळणार?