पौलाच्या नगरीतील यहुदी

संत पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेली पत्रे आपण मिस्सेच्या वाचनांतून ऐकत आलो आहोत. त्या नगराचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र मनात क्वचितच येतो. पौलाने तेथे सुवार्ता प्रथम सांगितली ती यहुद्यांच्या सभास्थानात. मार्क मॅझॉवर यांचा 'सलॉनिका, सिटी ऑफ घोस्ट्स' (२००४) हा इंग्रजी ग्रंथ त्याच नगराचा १४३० ते १९५० पर्यंतचा इतिहास सांगतो.

१४९२ मध्ये स्पेनच्या फर्डिनांड व इझाबेला यांनी यहुद्यांना देशाबाहेर घालविले. (या दांपत्याला 'कॅथलिक' ही पदवी पुढे पोपनेच दिली!) त्यांना आसरा दिला तुर्की सुलतानाने. सलॉनिकात ते असे रुजले, की शब्बाथाला तेथील बंदर बंद राही आणि त्यांची स्पॅनिश वळणाची लादिनो बोली धक्क्यावरच्या हमालाच्याही तोंडी असे. ग्रंथकार या साम्राज्याचे गोडवे गात नाही. यहुदी व ख्रिस्ती तेथे दुय्यमच होते, जादा कर भरीत होते. परंतु स्वतःचे धर्मन्यायालय, स्वतःची शाळा, स्वतःचा शब्बाथ त्यांना होता.

साम्राज्य ओसरले आणि १९१२ साली नगर ग्रीसकडे गेले. १९१३ च्या जनगणनेत तेथे सुमारे ६१ हजार यहुदी होते, इतर कोणत्याही समाजाहून अधिक. १९१७ च्या आगीत त्यांची वस्ती जळाली. १९२३ नंतर मुसलमान गेले व आशिया मायनरमधून ग्रीक निर्वासित आले. मला सर्वांत बोचला तो १९२४ चा रविवारच्या सक्तीच्या सुट्टीचा कायदा. शब्बाथ पाळणाऱ्या दुकानदाराला आता आठवड्याचे दोन दिवस कमाई बंद, नाहीतर शब्बाथ मोडायचा. आपल्या प्रभूचा दिवस असा शेजाऱ्याच्या पोटावर आला.

१९४३ मध्ये जर्मनांनी सुमारे ४५ हजार यहुद्यांना आगगाड्यांत कोंबून आउशवित्झला नेले. साम्राज्य बुडाले म्हणून हे घडले, असा सोपा हिशेब ग्रंथकार मांडीत नाही, हे योग्यच.

शीर्षकाविषयी मात्र माझे दुमत आहे. भुतांचे नगर म्हटले, की दोष कुणाचाच उरत नाही. यहुद्यांची पुरातन दफनभूमी डिसेंबर १९४२ मध्ये जर्मनांच्या संमतीने नगरपालिकेने उखडली. थडग्यांचे दगड भिंतींत, फरसबंदीत, चर्चच्या डागडुजीतही गेले. त्या भूमीवर आज विद्यापीठ आहे. ग्रंथ निघाला तेव्हा त्याच्या आवारात दफनभूमीचे स्मारक नव्हते. ते २०१४ साली उभे राहिले.