दगडावरचं घर कोणासाठी?

मंडळी, पवनीत बसून रोमन थडग्यांविषयी बोलायचं म्हणजे उगाच लांबचा वळसा, असं काहींना वाटेल. पण नाही, तो वळसा आपल्याच दारात येऊन थांबतो.

इंग्लंडमध्ये साउथ शील्ड्सला दुसऱ्या शतकातला एक मृत्युशिलालेख सापडला. पाल्मिराच्या बाराटेसनं तो उभारला, आपल्या बायकोसाठी. तिचं नाव रेजिना, वय ३०, आधी त्याचीच गुलाम, मग मुक्त झालेली. शिल्पात ती खुर्चीवर बसली आहे, हातात सूत कातायचं साहित्य, शेजारी दागिन्यांची पेटी. आणि तिच्या भोवती? दोन खांब, वर त्रिकोणी छत.

आता अभ्यासक ह्या खांब-छताला 'अलंकरण' म्हणून मोकळे होतात. माझा आक्षेप इथंच आहे. चौकट काढून टाका, मग उरते बसलेली एक बाई. चौकट ठेवली की ती घरची मालकीण होते. जी एके काळी दुसऱ्याची मालमत्ता होती, तिला दगडानं उंबरठा दिला. ह्याला नक्षी कसं म्हणायचं? हे तर विधान आहे.

आपल्याकडचे वीरगळ पाहा. खाली पडलेला वीर, मध्ये लढाई, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा; माथ्याला पुष्कळदा देवळासारखा कळस. रोमन शिल्पकार मृताला घरात बसवतो, आपला वीराला देवळात नेतो.

आणि पवनी? १९६९-७० च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर स्तूप उजेडात आला. त्याच्या कठड्याच्या एका खांबावर मुचलिंद नाग आहे, नावासकट कोरलेला. फणा उभारलेला, पण आसन रिकामं! छत्र आहे, माणूस नाही. ज्यानं घर सोडलं, त्याला घरात कसं बसवणार? शिल्पकाराला हे नेमकं कळलं होतं.

ह्याच पवनीत महाक्षत्रप-कुमार रूपिअम्म याचा स्मृतिस्तंभ मिळाला. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, वा. वि. मिराशींनी त्यावर लिहिलं आहे. लेखातला शब्द 'छाया-खंभ'. छाया म्हणजे प्रतिमा, सावलीही. माणूस गेला, सावली उभी केली.

म्हणजे मृताला एकानं घर दिलं, दुसऱ्यानं देऊळ, तिसऱ्यानं सावली. आणि बुद्धासाठी आसन रिकामं ठेवलं. माणूस कोण होता, ह्याची ही चार उत्तरं आहेत. म्हणून सांगतो, शेतात, बांधावर असा दगड दिसला तर 'जुनी नक्षी' म्हणून पायरीला लावू नका. चौकट मोडली की उत्तरही मोडतं.