जिजाऊंचे डोहाळे आणि गर्भिणीचे मन : ‘शिवभारता’च्या सहाव्या अध्यायाचे पुनर्वाचन

प्रस्तावना :

गर्भारपणातील शारीरिक व मानसिक बदलांसाठी मराठीत सर्वांत रूढ असलेला शब्द म्हणजे ‘डोहाळे’. लोणार तालुक्यातील बीबी परिसराला या शब्दाचा एक ऐतिहासिक संदर्भही लाभला आहे. शेजारच्या तालुक्यातील सिंदखेडराजा हे राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान असून, महाराष्ट्राला सर्वाधिक परिचित असलेले डोहाळे जिजाऊंचेच आहेत. व्याख्यानांतून व पोवाड्यांतून ते वारंवार सांगितले जातात. हे डोहाळे नेमके कोणाचे, आईचे की जन्माला येणाऱ्या पुत्राचे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्रातील संकल्पना :

‘डोहाळे’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’ या शब्दापासून आला. त्याचा संबंध ‘दौहृद’, म्हणजे दोन हृदये असण्याची अवस्था, या कल्पनेशी जोडला जातो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानानुसार चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि स्त्री ‘दौहृदिनी’ होते. तिची इच्छा मोडली तर अपत्यात व्यंग निर्माण होते, असा इशाराही तेथे आहे. कोणत्या इच्छेवरून कसे अपत्य होईल याची यादीही सुश्रुत देतो. राजदर्शनाची इच्छा झाल्यास भाग्यवान पुत्र होतो, हे त्यातील एक उदाहरण. म्हणजे इच्छा गर्भिणीच्या मुखातून व्यक्त होत असली, तरी तिची मालकी गर्भाकडे जाते. चरकसंहितेने गर्भिणीच्या शोकाचीही दखल घेतली आहे. परंतु ती सतत शोकात राहिली तर अपत्य भित्रे, कृश वा अल्पायुषी होते, या परिणामाच्या अनुषंगाने. शोक करणाऱ्या स्त्रीचे काय होते, हा प्रश्न तेथे गौण ठरतो.

कालिदासाची दृष्टी :

या संकेताचे काव्यरूप ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात आढळते. सुदक्षिणेच्या मातीच्या डोहाळ्याचा अर्थ कालिदास रूढ पद्धतीनेच लावतो : पुत्र पृथ्वीचा उपभोग घेणार, म्हणून आईला मातीची चव हवीशी वाटते. मात्र त्याच सर्गात त्याची दृष्टी तिच्या शरीरावरही स्थिरावते. चेहऱ्यावरील फिकटपणा, अंगाला आलेली कृशता, स्तनाग्रांचा काळवंडलेला रंग आणि राजाच्या स्वागतासाठी उठताना तिला पडणारे कष्ट तो टिपतो. आधुनिक वैद्यकानुसार गर्भारपणात रक्ताचे आकारमान सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. त्यात तांबड्या पेशींपेक्षा रक्तद्रवाची वाढ अधिक असल्याने रक्त पातळ होते. माती खाण्याची ओढ लोहाच्या कमतरतेशी निगडित असल्याचेही आढळले आहे. कवीने साम्राज्याचे चिन्ह म्हणून जे वर्णिले, ते वैद्यकाच्या दृष्टीने रक्तक्षयाचे लक्षण असू शकते. याच सर्गात सुदक्षिणा लाजेमुळे आपली इच्छा सांगत नाही आणि राजाला ती सख्यांकडून जाणून घ्यावी लागते, हेही लक्षणीय आहे.

‘शिवभारता’तील डोहाळे :

कवींद्र परमानंदांचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य स. म. दिवेकर यांनी १९२७ मध्ये प्रकाशात आणले. त्याच्या सहाव्या अध्यायात जिजाऊंचे डोहाळे येतात. हत्तीवर, वाघावर व गडावर आरूढ व्हावे, शुभ्र छत्राखाली सुवर्णसिंहासनावर बसावे, धनुष्यबाण, भाला व तलवार धारण करून युद्ध करावे, गड जिंकावेत, धर्माची स्थापना करावी, अशा त्यांच्या इच्छा आहेत. परमानंद सुश्रुताचीच रीत राज्यकर्त्याच्या चरित्राला लावतात. घडून गेलेल्या पराक्रमाचे बीज ते मातेच्या इच्छेत दाखवतात. चरित्रकाव्याचे प्रयोजन ध्यानात घेता यात कवीचा दोष नाही.

परंतु याच अध्यायात दिलेली जन्मतिथी शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही आहे. जुलै १६२९ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात निजामशाही दरबाराने लखुजी जाधवराव आणि त्यांच्या पुत्रांची हत्या केली. पूर्ण दिवसांची प्रसूती गृहीत धरल्यास त्या वेळी जिजाऊंना तिसरा महिना लागलेला असावा. मळमळ, थकवा व अन्नाची शिसारी बहुधा याच काळात अधिक असते. अशा दिवसांत वडील आणि भाऊ यांच्या हत्येची वार्ता त्यांच्यापर्यंत आली असणार. लखुजींची समाधी सिंदखेडराजात आजही उभी आहे. मात्र डोहाळ्यांच्या यादीत या शोकाला जागा नाही. जिजाऊंचे मन त्या काळी कसे होते, याची साक्ष आपल्याजवळ नाही. आपण त्यांचे डोहाळे म्हणून जे सांगतो ते त्यांच्या पुत्राचे चरित्र आहे, एवढेच पाठावरून म्हणता येते.

लोकपरंपरा आणि वर्तमान :

लोकपरंपरेतही ही दुहेरी वाट दिसते. डोहाळगीतांत महिन्यागणिक चिंच, आवळा, आंबा यांची मागणी होते. गर्भिणीला झोपाळ्यावर बसवून तिचे कौतुक होते. हा सोहळा तिला वर्षानुवर्षांच्या राबण्यातून काही काळ मध्यभागी आणतो, हे त्याचे मोल नाकारता येणार नाही. परंतु झाकलेल्या वाट्यांतून पेढा निघतो की बर्फी, या खेळापाशी सर्वांचे लक्ष पुन्हा गर्भाकडे आणि त्याच्या लिंगाकडे वळते. जिजाऊंच्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलांमागे केवळ ८५५ मुली होत्या. डोहाळ्यांतून पुत्राचे भविष्य वाचण्याची सवय किती निरुपद्रवी मानावी, याचा विचार येथे करावाच लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानानुसार विकसनशील देशांत १५.६ टक्के स्त्रियांना गर्भारपणात, तर १९.८ टक्के स्त्रियांना प्रसूतीनंतर मानसिक विकार, मुख्यतः नैराश्य, जाणवतो. त्याची चाचपणी करण्यासाठी १९८७ मध्ये तयार झालेली एडिंबरा मापनश्रेणी गर्भारपणातही वापरली जाते. हसू येते का, झोप लागते का, विनाकारण भीती वाटते का, असे तिचे दहा प्रश्न आहेत. एकाही प्रश्नात बाळाचा उल्लेख नाही. सुश्रुताच्या यादीशेजारी ही प्रश्नावली ठेवून वाचली असता दोन दृष्टींतील अंतर स्पष्ट होते.

निष्कर्ष :

‘काय खावंसं वाटतं?’ हा प्रश्न आपल्या संस्कृतीने गर्भिणीला आदराने विचारला. ‘भीती वाटते का?’ हे विचारण्याचा सोहळा मात्र तिने घडविला नाही. परिणामी भय, शोक व थकवा यांना ‘डोहाळे’ या शब्दात घर मिळाले नाही आणि ज्याला शब्द नाही ते सासरच्या माणसांना अथवा आशा कार्यकर्तीला सांगणे स्त्रीला अवघड जाते. वर्गात ‘रघुवंश’ वा ‘शिवभारत’ शिकविताना ‘ही इच्छा कोणाची?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. त्याने जिजाऊंची थोरवी उणावत नाही. शोकाचे ओझे वाहत ज्या मातेने ते दिवस काढले असतील, तिच्याकडे माणूस म्हणून पाहण्याची वाट त्यामुळे खुली होते.