‘एट साँग्ज फॉर अ मॅड किंग’ : उच्चार आणि श्रोता

लंडनच्या ‘पिएरो प्लेयर्स’ या लहान वाद्यवृंदाने (स्थापना १९६७; १९७० पासून ‘फायर्स ऑफ लंडन’; विसर्जन १९८७) पीटर मॅक्सवेल डेव्हिस यांची ही कृती १९६९ मध्ये प्रथम सादर केली. तीत भ्रमिष्ट राजा तिसरा जॉर्ज गातो, किंचाळतो, कण्हतो. बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन व चेलो यांचे वादक पिंजऱ्यांत बसतात. राजा ज्यांना गाणे शिकवू पाहत असे, ते पक्षी म्हणजे हे वादक. हा दृश्यभाग म्हणजे संगीतावर चढविलेला नाटकी साज, असे मानणे सोपे आहे. पण ते ग्राह्य नाही. राजाच्या मुखात शब्द फुटून नुसता ध्वनी उरतो, तरीही ते बोलणेच राहते. कारण समोर ऐकणारा आहे, मग तो बंदिवान का असेना. सातव्या गीतात राजा गजांआडून व्हायोलिन हिसकावून मोडतो. ध्वनिमुद्रणात तेथे केवळ लाकडाचा कडकडाट उरतो (या कृतीचे मूल्यमापन निव्वळ ध्वनिमुद्रणावरून करू नये). रंगमंचावर मात्र संवादातील द्वितीय पुरुषाचाच वध झालेला असतो. लगेच आठव्या गीतात राजा स्वतःच्याच मृत्यूची वार्ता देतो, आणि तीही तृतीय पुरुषात.