जुळणीतील चूक कोणी ठरवावयाची? : ‘असेम्ब्ली १०१’ ह्या चलचित्रसंग्रहाचे परीक्षण

कारखान्यातील जुळणीच्या कामावर कॅमेरा रोखावयाचा आणि त्या चित्रणाच्या विश्लेषणावरून पुढील निर्णय यंत्रावर सोपवावयाचा, हा स्वयंचलनाचा एक मार्ग आज रूढ होत आहे. ह्या दिशेने चाललेले संशोधन ज्या चलचित्रसंग्रहांच्या आधारे होते, त्यांत फादिमे सेनर व त्यांचे सहकारी ह्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘असेम्ब्ली १०१’ ह्या संग्रहाचे स्थान महत्त्वाचे आहे. त्याचे मोल मान्य करूनही त्यातील एका संज्ञेविषयी आमचा गंभीर आक्षेप आहे. ती संज्ञा म्हणजे ‘चूक’.

सुटे भाग जोडून तयार होणारी १०१ खेळण्यातील वाहने माणसांच्या हाती दिली आणि ती उकलताना व जोडताना त्यांचे चित्रण केले, असे ह्या संग्रहाचे स्वरूप आहे. आठ कॅमेरे भोवती स्थिर, चार काम करणाऱ्याच्या डोक्यावर. एकूण ४३२१ चित्रफिती, सुमारे ५१३ तासांच्या. संपादकांनी कोणताही ठराविक क्रम सांगितला नाही, हा त्यांचा निर्णय आम्हांस विशेष अभिनंदनीय वाटतो. आधी ठरवून दिलेल्या पायऱ्या पार पाडणारा हात आणि खरोखर काम करणारा हात ह्यांत फार अंतर असते. येथील हात अडखळतो, चाक बसवतो, पुन्हा काढतो. ही अडखळण टिपली गेली, हीच ह्या संग्रहाची खरी कमाई होय.

परंतु येथेच अडचण उद्भवते. जोडणीतील मोठ्या क्रियांवर ‘योग्य’, ‘चूक’ किंवा ‘दुरुस्ती’ अशी खूण केलेली आहे. क्रमच नेमून दिलेला नसेल तर चूक कशाच्या अपेक्षेने? खूण करणारा चित्रफीत पाहून ती ठरवितो. एखाद्याने भाग बसतो की नाही हे अजमावण्यासाठी तो लावून पाहिला आणि काढला. दुसऱ्याने भलत्या वेळी लावला म्हणून काढला. हातांची हालचाल दोन्ही वेळी सारखीच. खेळण्याच्या बाबतीत ह्या गोंधळाने कोणाचे काही बिघडत नाही. कारखान्यात मात्र आधीच्या ठिकाणाहून आलेल्या भागाचे आटे खराब असले की कामगार पेच काढून पुन्हा लावतो, आणि अशा खुणांवर शिकलेले यंत्र ती चूक त्याच्याच नावे मांडील.

हा प्रश्न नवा नाही. फ्रँक गिल्ब्रेथ ह्यांनी १९१२ साली प्रॉव्हिडन्स येथील न्यू इंग्लंड बट कंपनीत कामगारांच्या हालचालींचे चित्रण केले, तेव्हा चौकटीत एक घड्याळही ठेवले होते. हालचाली कमी करून उत्पादन वाढविणे हा त्यांचा उद्देश उघड होता, आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. तथापि त्यांनी पुढे केलेल्या क्रियांच्या वर्गीकरणात ‘योजना करणे’ आणि ‘विश्रांती’ ह्यांना स्थान आहे, आणि ‘टाळता येणारा विलंब’ व ‘न टाळता येणारा विलंब’ हे भिन्न मानले आहेत. ‘असेम्ब्ली १०१’ मध्ये २४ क्रियापदे व ९० वस्तू ह्यांच्या जोडीतून १३८० सूक्ष्म क्रिया सिद्ध होतात. हाताने काय केले हे त्या सूक्ष्मपणे सांगतात; थांबण्याची जबाबदारी कोणाची, हे जुना निरीक्षक विचारीत असे आणि नवी सूची विचारीत नाही.

संपादकांवर सर्व दोष टाकणे अन्यायाचे होईल. चूक ओळखणे हा त्यांनी संशोधकांपुढे ठेवलेला एक नवा प्रश्न आहे. कामगाराचा हिशेब मांडण्याचे साधन म्हणून त्यांनी तो मांडलेला नाही. मात्र खुणा एकदा प्रमाण म्हणून वापरात आल्या की त्यांचा उगम कोणी शोधीत नाही. म्हणून पुढील संग्रह करणाऱ्यांनी ‘अनिर्णित’ अशी चौथी खूण ठेवावी, आणि चित्रण संपताच ते काम करणाऱ्यालाच दाखवून हात मागे का घेतला हे त्याच्या शब्दांत नोंदवावे. बारा कॅमेरे लावणाऱ्यांना एका टिपणवहीचा खर्च जड जाऊ नये.