सरासरीतली स्त्री

विकसनशील देशांतील स्त्रीशिक्षणाची तुलना निघाली की आपले अभ्यासक श्रीलंकेचे गोडवे गातात. ते निराधार नाहीत. शिक्षणमंत्री कन्नंगरा यांच्या योजनेने १९४५ पासून तेथे विद्यापीठापर्यंतचे शिक्षण मोफत झाले; आज तेथील विद्यापीठांत मुलींची संख्या मुलांहून अधिक आहे. आपल्याकडेही २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत १८ ते २३ वयोगटाच्या तुलनेत उच्च शिक्षणातील पट स्त्रियांचा शेकडा २८.५, पुरुषांचा २८.३. म्हणजे दोन्हीकडे स्त्री जिंकली!

पण कोणती स्त्री? त्याच पाहणीत अनुसूचित जातींच्या स्त्रिया २६, आदिवासी स्त्रिया २०.९. शिवाय पटावर नाव असणे म्हणजे वर्गात बसणे नव्हे. या पटात दूरशिक्षणातल्या मुलीही आहेत, आणि शिष्यवृत्ती वेळेवर न आल्याने पुढे वर्ग सोडणाऱ्याही.

श्रीलंकेची सरासरीही अशीच बोलघेवडी. चहामळ्यांवर राबायला इंग्रजांनी तमिळ मजूर नेले. त्यांत पारैयर, पळ्ळर, चक्किलियर मोठ्या संख्येने होते. १९४८ च्या कायद्याने त्यांतील बहुतेकांना नागरिकत्व नाकारले. मळ्यांवरील शाळा सरकारकडे आल्या त्या थेट सत्तरच्या दशकात. विद्यापीठ मोफत होते. पाने खुडणाऱ्या बाईच्या मुलीला तिथवर नेणारी शाळाच नव्हती.

तुलना करायचीच तर त्या मुलीची आणि ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्याकडच्या दलित कुटुंबातल्या मुलीची करावी. एकीची शाळा प्राथमिक इयत्तांपाशी संपत होती. दुसरीची, दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर गाव सोडताना सुटते.